बाराचा सेट

मी अमेरिकेला कधी गेलेले नाही. व्हिसासाठी साधा अर्जसुद्धा केला नाही. पण ओहायोतल्या चारचौघांसारख्या घरात जेवायच्या प्लेटा किती असतील, त्यातल्या रोज किती वापरत असतील आणि वरच्या कपाटात धूळ खात किती पडल्या असतील, हे मला झोपेतून उठवून विचारा. दुबईत देऱ्यातल्या आमच्या ऑफिसात मला सगळे 'अमेरिकावाली बाई' म्हणत. नवरा म्हणायचा, "हिला शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहायला आलंय याचा पत्ता नसतो, पण तिकडे कुणी बायको सोडली की हिला लग्गेच कळतं!" म्हणू दे. त्याच बातम्यांवर आमचं इथलं घर चाललं.

आता आम्ही दोघं गाशा गुंडाळून कोल्हापूरला निघालोय. हॉलमध्ये खोकी पडली आहेत आणि मी त्यांच्यामध्ये बसून हे लिहितेय. आवरायचं सोडून हे काय काढलंस, असं आत्ताच एकदा ऐकून झालंय.

तर आमची कंपनी म्हणजे साळवी कुटुंबाची, धंदा क्रॉकरीचा. माल चीनमधून जबल अली बंदरावरच्या आमच्या गोडाउनमध्ये यायचा, तिथे त्याचे सेट बांधायचे आणि कंटेनर भरून अमेरिकेतल्या दुकानांना पाठवायचे. 'सेट बांधणं' हाच सगळा खेळ. एका खोक्यात प्लेटा किती, बाऊल किती, कॉफीचे मग किती, एवढंच ठरवायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण गिऱ्हाइकाच्या हातात खोकं पडायच्या कितीतरी महिने आधी ते ठरवावं लागायचं. चुकलं तर माल तिकडच्या दुकानात सडायचा, दुकानदार पुढची ऑर्डर द्यायचा नाही, आणि खलास.

म्हणून मी. माझं शिक्षण संख्याशास्त्रातलं. अमेरिकेचं सरकार भलतं चौकस. कोण कुणाबरोबर राहतं, लग्न कुठल्या वयात करतं, घरी किती शिजवतं, बाहेर किती खातं, सगळं मोजतं आणि जगात कुणालाही फुकट बघू देतं. माझं काम ते कोष्टक वाचून त्यातनं प्लेट काढायची.

म्हणजे कसं, ते सांगते. बायका नोकऱ्यांना जास्त जायला लागल्या, असं कोष्टक सांगायचं. मग घरी आल्यावर स्वयंपाक कोण करणार? कालचं गरम करणार. गरम कशात, तर मायक्रोवेव्हमध्ये. मायक्रोवेव्हमध्ये सोनेरी काठाची प्लेट ठेवली की आत फटाके वाजतात. म्हणून आमचा सोनेरी काठ बंद झाला आणि निळा आला. माणसं टेबल सोडून टीव्हीसमोर सोफ्यावर जेवायला लागली, तेव्हा मांडीवर प्लेट कलंडते म्हणून खोलगट बाऊल वाढले. लग्नं उशिरा व्हायला लागली, एकेकटी राहणारी माणसं वाढली, तसा आठाचा सेट सहाचा झाला आणि सहाचा चारचा. मला यात फार मजा यायची. खरंच सांगते, एखादा नवा तक्ता आला की मी डबा खायचं विसरायचे.

या सगळ्याचे मालक नाना साळवी. मूळचे चिपळूणकडचे. तरुणपणी इथे येऊन कामगारांच्या कॅम्पमध्ये स्टीलची ताटं विकली, त्यातनं एवढं उभं केलं. आवाज असा की केबिनमध्ये बोलले तर खाली टॅक्सीवाल्याला ऐकू जावं. त्यांना आकडे आवडायचे नाहीत. म्हणजे आकडे आवडायचे, त्यांचा अर्थ आवडायचा नाही.

"अहो बाई, घरं मोठी होतायत म्हणता आणि माणसं कमी होतायत म्हणता. मग एवढ्या मोठ्या घरात ती दोघं करतात काय? एकमेकांना हाका मारत फिरतात?"

"ते सरकारनं मोजलेलं नाही, नाना."

"मोजायला पाहिजे!"

एकदा मी त्यांना सरळ सांगितलं की घटस्फोट आपल्या धंद्याला बरा. एका घराची दोन घरं होतात, प्लेटा वाटून घेतल्या तरी एकाला तरी नवा सेट लागतोच. नाना खुर्चीतून उठले. "शिंत्रेबाई, हे वाक्य या केबिनमध्ये पुन्हा बोलायचं नाही. लोकांचे संसार मोडले म्हणून आपण पेढे वाटायचे काय?" दोनचा सेट मात्र त्यांनी पाठवला. पाठवायच्या आधी त्या खोक्यांना उदबत्ती ओवाळली, ते मी स्वतः पाहिलंय. आपल्यामुळे कुणाचं काही बिघडू नये, असं बहुतेक त्यांच्या मनात असावं.

नानांना हे सगळं एवढं का लागायचं, ते आम्हाला ठाऊक होतं. शारजाला त्यांचा व्हिला. दोन मुलं, संजय आणि समीर. दोघांच्या बायका, संजयची दोन पोरं, नाना आणि नानी, सगळे त्या एका घरात. "आमची एकच चूल," हे नाना येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, बँकेच्या मॅनेजरलासुद्धा. व्हिला बांधल्यापेक्षा त्यांना त्याचा जास्त अभिमान होता. आणि नेमकं तिथेच पाणी मुरायला लागलं होतं. धाकटी सून ऋता दुबई मरीनाला एका ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर होती. समीरचं कामही तिकडेच. रोज शारजाच्या ट्रॅफिकमध्ये जाऊन-येऊन दोघांचा पिट्टा पडायचा. मरीनाला फ्लॅट बघावा, असा विषय तिनं एकदा काढला आणि नानांनी तो ताबडतोब मिटवला. तेव्हापासून माझ्या कोष्टकांकडे ते क्रिकेटचा स्कोअर बघावा तसं बघायला लागले. एकत्र राहणारे किती, वेगळे किती. अमेरिकेत घरं मोडायची थांबली तर आपलंही टिकेल, असं काहीतरी त्यांनी मनाशी धरलं होतं.

मग कोविड आला. आणि कोविडमध्ये एक तक्ता असा आला की माझाही डोळ्यांवर विश्वास बसेना. तिकडची जाणती, कमावती पोरं आईबापांच्या घरी परतत होती. तसं ते काही वर्षांपासून हळूहळू चाललंच होतं, आता एकदम दिसायला लागलं. मी प्रिंट काढून नानांपुढे ठेवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. "आले! आले वळणावर!" ते ओरडले. "एवढी वर्षं मी काय सांगत होतो? माणूस शेवटी आईच्या हातचं खायला परत येतो. बाई, बाराचा सेट बांधा!"

"नाना, थांबा जरा."

"थांबायचं कशाला? यल्ला, चला! बारा मोठ्या प्लेटा, बारा बाऊल, वर दोन मोठी वाढायची भांडी. फॅक्टरीला आजच सांगा."

मी त्यांना समजावायला बसले. कॉलेजात असताना आम्हाला करवीर तालुक्यातल्या खेड्यांमध्ये पाहणीला नेत. दारात गेलं की पहिला प्रश्न, चुली किती? आपल्याकडे कुटुंब मोजतात ते चुलीवरून. एका चुलीवरचं अन्न जे खातात ते एक कुटुंब, मग घरात भिंती किती का असेनात. अमेरिकेत तसं नाही. तिथे एका दाराआड जेवढे राहतात ते सगळे मिळून एक घर. आत कोण काय शिजवतं, कोण कुणाबरोबर जेवतं, याच्याशी त्या कोष्टकाचा संबंध नाही. "नाना, यात छप्पर मोजलंय. चूल नाही मोजलेली," मी म्हटलं.

नाना हसले. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, पण असं कसं बोलता? एका घरात राहून आई एका खोलीत जेवेल आणि पोरगा दुसऱ्या खोलीत? भाडेकरू आहे काय तो?"

ऑफिसातले सगळे त्यांच्या बाजूचे. आमच्याकडे कोकणातले, सोलापूरचे, दोन गुजराती, एक मंगलोरचा. आईच्या घरात राहणारा मुलगा आईबरोबर जेवत नाही, ही गोष्ट त्यांतल्या एकाच्याही डोक्यात शिरेना. संध्याकाळी नानांनी सगळ्यांना मिठाई वाटली. कोविडमुळे एकेकाच्या टेबलावर, लांबून.

बाराचा सेट देखणा झाला, हे मात्र कबूल करायला हवं. पांढराशुभ्र, काठाला बारीक निळी रेघ, हातात घेतला की वजनदार. आमच्या गोडाउनमधून त्याच्याइतकी चांगली वस्तू कधी गेली नाही.

आणि ती विकली गेली नाही. दुकानांनी पहिली खेप घेतली आणि पुढच्या खेपेला सरळ नाही म्हणून कळवलं. उरलेली खोकी जबल अलीला छतापर्यंत लागली. गोडाउन सांभाळणारे खानसाहेब मला बघितलं की म्हणायचे, "मॅडम, ये बारहवाला कब जायेगा?" मी म्हणायचे, "इन्शाल्ला." नाना त्या रांगेकडे बघायचेच नाहीत. तोंड फिरवून पुढे जायचे.

विमानं सुरू झाल्यावर कॅरल आली. कॅरल आमची ओहायोची जुनी बायर, माझ्याच वयाची, दर वर्षी प्रदर्शनाला यायची आणि एक दिवस नानांकडे जेवायची. त्या शनिवारी दुपारी नवरा आणि मीही होतो. नानींनी आमटी, भरली वांगी, सोलकढी, सगळा थाट केला होता. टेबलावर कॅरलला दाखवायला ऑफिसातला नमुन्याचा बाराचा सेट आणून मांडलेला. समीर आणि ऋता वरच्या मजल्यावर झोपले होते, आठवडाभर दमलेत, मागून जेवतील, असं नानी म्हणाल्या.

कॅरलनं प्लेट उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाली, सुंदर आहे, पण आमच्याकडे कोण घेणार? नाना मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, का नाही घेणार, तुमची मुलं तर परत आलीयत. कॅरल हसायला लागली. माझाही मुलगा परत आलाय, ती म्हणाली. तळघरात राहतो. त्याचा फ्रिज वेगळा, मायक्रोवेव्ह वेगळा. एक बाऊल आणि एक चमचा, यावर त्याचं सगळं चालतं. मला मेसेज करतो, गुड नाइट म्हणून. आमची भेट होते ती गाडी बाहेर काढताना. हे ती अगदी सहज सांगत होती.

"म्हणजे तुमच्याबरोबर जेवत नाही?" नानांनी विचारलं.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. संजयचा धाकटा पळत गेला आणि एक कागदी पिशवी घेऊन आला. पार्सल होतं, वरून वाफ येत होती. तो पिशवी घेऊन जिन्याकडे निघाला तसं नानांनी हाक मारली, "अरे, ते काय आहे? इकडे आण, सगळे बसलोय."

"नो आजोबा, दॅट्स समीर काका'ज लंच. दे ऑलवेज ईट अपस्टेअर्स."

पोरगं जिना चढून गेलं. नानांनी नानींकडे बघितलं. नानी वाटीत सोलकढी ओतत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मागाहून कळलं ते असं. नाना संध्याकाळी सातला जेवून लवकर झोपणारे. ती दोघं ट्रॅफिकमधून नऊला यायची आणि बाहेरून मागवून वरच जेवायची. नानी दोघांची ताटं झाकून ठेवायच्या, आणि सकाळी तेच अन्न फोडणी देऊन न्याहारीला वाढायच्या. नाना चवीनं खायचे. किती दिवस हे चाललं होतं, ते नानींनाच ठाऊक. ऋताची त्यात काही चूक नव्हती. भूक लागलेल्या वेळी, हातपाय पसरून, नवऱ्याशी चार शब्द बोलत जेवावं, असं कुणाला वाटत नाही? पण त्या दुपारी टेबलावर नानांचा चेहरा बघवेना. मला फार वाईट वाटलं. कॅरलला काही कळलं नाही, ती बिचारी सोलकढीची रेसिपी विचारत होती.

सोमवारी नानांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घ्या म्हणाले. नानांच्या केबिनचं दार लावलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"बाई, आमच्या घरात चुली किती?"

खोटं बोलायची ती जागा नव्हती. "तिकडच्या हिशेबानं तुमचं घर एक," मी म्हटलं. "आपल्या हिशेबानं दोन."

त्यांनी मान हलवली. आवाज इतका खाली की मला पुढे वाकावं लागलं. "म्हणजे मीपण छप्परच मोजत बसलो."

"नाना..."

"नाही, ठीक आहे. जा तुम्ही. कामाला लागा."

काही आठवड्यांनी त्यांनीच समीर-ऋताला सांगितलं, मरीनाला जागा बघा. रस्त्यावर आयुष्य घालवू नका. ऋताला वाटलं, सासरे रागावले. ती मला फोन करून रडली. "मावशी, नाना आम्हाला बाहेर काढतायत का?" मी म्हटलं, मला तसं वाटत नाही, पण नानांच्या मनातलं कुठल्या कोष्टकात येत नाही, मी काय सांगू?

सामान हलवायच्या आधी नाना दोघांना घेऊन जबल अलीला आले. मी तिथेच होते. नव्या घराला काहीतरी द्यायचं होतं. खानसाहेबांनी चहा मागवला.

"शिंत्रेबाई," नाना सगळ्यांसमोर म्हणाले, "दोन माणसांच्या घराला कुठला सेट? तुमचं कोष्टक काय म्हणतं?"

"चारचा," मी म्हटलं. "दोघं आणि कधी दोन पाहुणे."

नाना इतके दिवस जिच्याकडे बघत नव्हते त्या रांगेपाशी गेले. खानसाहेबांकडून एक बाराचं खोकं खाली काढून घेतलं, पट्टी कापली आणि आतून दोन प्लेटा काढल्या. फक्त दोन. पेपरात गुंडाळून ऋताच्या हातात दिल्या.

ऋताचं तोंड उतरलं. समीर म्हणाला, "बाबा, दोनच? आणि कुणी आलं तर?"

"कुणी आलं तर त्यांना घेऊन शारजाला यायचं."

"आणि या उरलेल्या दहा?" ऋतानं हळूच विचारलं.

"दहा?" नानांचा आवाज पूर्वीसारखा चढला. "दहा कुठे आहेत? हा बाराचा सेट आहे. दोन बाहेर गेल्यायत, एवढंच."

खोकं त्यांनी स्वतः गाडीत ठेवलं. खानसाहेबांना हात लावू दिला नाही.

पुढच्या रविवारी दुपारी ऋता शारजाला आली ती खांद्याच्या पिशवीत त्या दोन प्लेटा घेऊन. "नानी, सेट पूर्ण करायला आलोय. वाढा!" तेव्हापासून तो रिवाजच पडला. शेख झायेद रोडवरून दोन प्लेटा टॉवेलात गुंडाळून दर रविवारी शारजाला जातात आणि संध्याकाळी धुऊन परत मरीनाला येतात. एवढ्या प्रवासात एकीचा काठ जरा उडालाय. ऋता ती समीरपुढे मांडते. आणि गंमत बघा, एका छपराखाली असताना जी दोघं महिन्यातून एकदा खाली जेवायला यायची, ती आता एक रविवार चुकवत नाहीत. हे अमेरिकेच्याच काय, कुठल्याच सरकारच्या तक्त्यात बसायचं नाही. मी बसवून बघितलं.

माझं काम आता एक सॉफ्टवेअर करतं. पटापट करतं, चहा मागत नाही, आणि नानांशी वादही घालत नाही. वाईट वाटतं, का नाही वाटणार? ज्या देशात पाऊल ठेवलं नाही तिथल्या माणसांची एवढी वर्षं मी काळजी वाहिली. ती उशिरा लग्न करायची, एकटी राहायची, टीव्हीसमोर जेवायची, आणि मी इकडे खाडीकाठी कडक चहा पीत त्यांच्यासाठी बाऊल किती खोल असावा ते ठरवायचे. देऱ्याच्या त्या खिडकीची मला आत्तापासूनच आठवण येतेय. खाडीतल्या अब्रा होड्यांची फटफट, खालच्या मसाल्याच्या दुकानांचा वास आणि मागून नानांची हाक, "अहो बाई, आज अमेरिका काय म्हणते?"

परवाच्या रविवारी नानांनी आम्हाला दोघांना निरोपाचं जेवण दिलं. सगळे होते. समीर-ऋता पिशवी घेऊन आले होते. आमच्या इथल्या घराबद्दल, कोल्हापूरच्या बंद फ्लॅटबद्दल, तिथे आता ओळखीचं कोण उरलंय याबद्दल बोलणं झालं. निवृत्त झाल्यावर माणूस घरी जातो म्हणतात, पण माझं घर कुठलं ते मला त्या टेबलावर नीट कळेना.

जेवणं झाली. नानींनी प्लेटा धुतल्या. नाना उठले, दोन प्लेटा पुसल्या, आजचा पेपर घेतला आणि गुंडाळायला लागले. माझ्या लक्षात आलं तशी मी म्हटलं, "अहो नाना, नको. दोन ऋताकडे, दोन आम्ही नेल्या तर इथे आठच राहतील."

नानांनी पुडकं माझ्या हातात ठेवलं.

"एवढी वर्षं आकडे मोजलेत, शिंत्रेबाई," ते म्हणाले, "आणि तुम्हाला अजून बारा मोजता येत नाहीत?"